तेरा वर्षांची सेडान आणि तिच्या मालकाची वही

गाडी तेरा वर्षांची, मध्यम आकाराची, चार दरवाजांची सेडान. दोन लिटरचे पेट्रोल इंजिन, सहा गतींचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, ओडोमीटरवर १,१२,००० किलोमीटर, आणि आजवर एकच मालक. जाहिरातीत एवढीच माहिती होती, आणि त्यातली प्रत्येक गोष्ट खरी निघाली, तरीही गाडी घ्यावी की सोडावी हे ठरवायला तिच्यातल्या एकाही गोष्टीचा फारसा उपयोग झाला नाही. कंपनीचे आणि मॉडेलचे नाव मी मुद्दाम देत नाही. नव्या गाडीचा अभिप्राय हा त्या मॉडेलचा अभिप्राय असतो, पण जुन्या गाडीचा अभिप्राय त्या एका नगापुरताच असू शकतो. एकाच कारखान्यातून एकाच आठवड्यात बाहेर पडलेल्या दोन गाड्या तेरा वर्षांनंतर एकमेकींच्या नात्यातल्याही वाटू नयेत, इतका फरक त्यांच्या मालकांनी पाडलेला असतो. ही गाडी मी दोनदा पाहिली, एकदा एकट्याने आणि एकदा ओळखीच्या मेकॅनिकला बरोबर घेऊन, त्यानंतर घासाघीस करून विकत घेतली, आणि गेले सात महिने ती रोज चालवतो आहे.

मध्यम आकाराची सेडानच का, याचे उत्तर बाजाराच्या चालीत आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत ग्राहक उंच बांध्याच्या एसयूव्हीकडे वळले आणि ज्या गाड्या एकेकाळी कुटुंबाची मुख्य गाडी म्हणून घेतल्या जात, त्यांची मागणी ओसरली. फोर्डने फ्यूजनचे उत्पादन २०२० मध्ये थांबवले, युरोपातली माँडिओ २०२२ मध्ये बंद केली. फोक्सवॅगनची नवी पसाट युरोपात आता फक्त इस्टेट, म्हणजे छत डिकीवरून शेवटपर्यंत नेलेल्या, बांध्यात मिळते. ज्या वस्तूला नव्या बाजारात ओढ उरत नाही, ती जुन्या बाजारात तिच्या खऱ्या उपयोगापेक्षा स्वस्त मिळते, आणि मध्यम सेडानचे नेमके तेच झाले आहे. त्याच पैशांत मला चार-पाच वर्षे जुनी लहान हॅचबॅक मिळत होती. तिचे आयुष्य अधिक उरलेले होते हे उघड आहे. पण माझा बराचसा प्रवास लांबचा, चार माणसे आणि सामान घेऊन होतो, आणि अशा प्रवासात पावणेतीन मीटरच्या आसपासचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर), जाड आसने आणि मोठ्या इंजिनाची शांत चाल यांची सर लहान गाडीला येत नाही. ज्यांचा सगळा प्रवास शहरातल्या शहरात आहे, त्यांनी हा हिशेब येथेच थांबवला तरी चालेल.

पहिल्या भेटीला जाण्याआधी मी मालकांना एकच विनंती केली होती, ती म्हणजे मी येईपर्यंत गाडी सुरू करू नये. जुन्या इंजिनाला जे काही सांगायचे असते ते ते गार असताना, पहिल्या अर्ध्या मिनिटात सांगते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत तेल खाली तेलाच्या टाकीत उतरलेले असते, झिजलेले व्हॉल्व्ह सील रात्रीतून थेंब-थेंब तेल आत सोडतात, ढिली पडलेली टायमिंग चेन (व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनच्या चालीशी जुळवणारी साखळी) तेलाचा दाब येईपर्यंत खडखडते. गाडी आधीच दहा मिनिटे चालवून गरम केली की यातले बरेच काही लपते. गेल्याबरोबर मी बॉनेटवर तळवा ठेवला, पत्रा गार होता. मग सायलेन्सरच्या मागे उभा राहून मालकांना चावी फिरवायला सांगितली. निळसर धूर आला असता तर तेल जळते आहे असे समजून मी परत फिरलो असतो. काळा धूर म्हणजे पेट्रोल प्रमाणाबाहेर जाते आहे. आणि पांढरा धूर थंडीत मिनिटभर दिसणे स्वाभाविक असते, पण इंजिन गरम झाल्यावरही तो थांबत नसेल आणि त्याला गोडसर वास असेल, तर कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, सिलिंडरमध्ये जाते आहे. या गाडीने थोडी वाफ सोडली आणि ती विरून गेली. इंजिनाचा आवाज एकसारखा होता. डिपस्टिकवरचे तेल काळपट पण स्वच्छ होते, आणि तेलाच्या झाकणाखाली फिकट पिवळा, लोण्यासारखा थर नव्हता. (असा थर दिसला की बरेच जण हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या डोक्याखालचा सीलबंद थर, गेले असे जाहीर करून मोकळे होतात; प्रत्यक्षात रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत नुसत्या साचलेल्या दमटपणानेही तो धरतो.)

इथपर्यंत सगळे छान होते, आणि तेवढ्यात मालकांनी ग्लोव्ह बॉक्समधून एक वही काढून माझ्या हातात दिली.

साधी दोनशेपानी वही, कोपरे दुमडलेले, मुखपृष्ठावर गाडीचा क्रमांक. आत तेरा वर्षांची नोंद: तारीख, किलोमीटर, किती लिटर पेट्रोल, टायरमधली हवा, ऑइल बदलल्याची नोंद आणि त्यापुढे चिकटवलेली पावती. निळ्या शाईत रोजचे, लाल शाईत दुरुस्तीचे. ऑइल आणि फिल्टर दरवर्षी बदललेले, मग गाडी त्या वर्षी सहा हजार किलोमीटर चालली असो वा अकरा. एअरबॅगसाठी कंपनीने काढलेला रिकॉल (दोष दुरुस्तीसाठी गाड्या परत बोलावणे) पूर्ण करून घेतल्याचा कागदही तिथेच होता. जुन्या गाडीबरोबर अशी वही मिळणे हे गाडीच्या निम्म्या किमतीचे आहे असे मी मानतो, आणि खरे सांगायचे तर त्या क्षणी माझा निर्णय जवळजवळ झालाच होता. परंतु वही वाचताना शेवटच्या दोन पानांवर माझे बोट अडले. चौदा महिन्यांपूर्वी, लाल शाईत: ‘कूलंट अर्धा लिटर घातले.’ आठ महिन्यांपूर्वी: ‘कूलंट अर्धा लिटर.’ तीन महिन्यांपूर्वी: ‘कूलंट पाऊण लिटर.’

कूलंटची व्यवस्था बंदिस्त असते. त्यात वर्षाकाठी किंचित घट चालू शकते, पण सहा महिन्यांनी अर्धा लिटर आणि मग पाच महिन्यांत पाऊण लिटर, म्हणजे ते कुठेतरी जाते आहे आणि जाण्याचा वेग वाढतो आहे. मालकांनी यात काहीही लपवले नव्हते; उलट त्यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवले होते म्हणूनच मला कळले. त्यांच्या लेखी ती गळती नव्हती, देखभाल होती. गळती रबरी नळीतून असेल तर किरकोळ खर्चाचे काम, रेडिएटरची असेल तर मध्यम, वॉटर पंपाची असेल तर त्याहून थोडे अधिक, आणि हेड गॅस्केटची असेल तर इंजिनाचे डोके उतरवून करायचे असे काम, जे एवढ्या जुन्या गाडीच्या किमतीचा मोठा लचका तोडते. वहीने गाडीची शिफारस केली होती आणि त्याच वहीने तिच्याविरुद्ध साक्षही दिली होती.

दुसरी गोष्ट वहीत नव्हती, आणि ती नसणे हेच महत्त्वाचे होते. या इंजिनात टायमिंग चेन नाही, रबरी टायमिंग बेल्ट आहे, आणि तो बदलल्याची नोंद मला तेरा वर्षांत कुठेही सापडली नाही. मी विचारले तेव्हा मालक म्हणाले, ‘एक लाख वीस हजारांना बदलायचा असतो. अजून आठ हजार आहेत की.’ गाडीसोबतच्या पुस्तिकेतले ते पान आम्ही दोघांनी मिळून उघडले. तिथे १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षे, यांपैकी जे आधी येईल ते, असे छापलेले होते. पहिला आकडा त्यांनी तेरा वर्षे पाठ केला होता, दुसऱ्याकडे लक्षच गेले नव्हते. यात त्यांना दोष द्यावा असे मला वाटत नाही, कारण कमी चाललेल्या गाडीचे कौतुक करताना आपण सगळेच हीच चूक करतो. रबर किलोमीटर मोजत नाही. ते उष्णतेने, तेलाच्या वाफांनी आणि निव्वळ काळाने कडक होत जाते. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट जागच्या जागी थांबतो, पिस्टनला जोडलेला क्रँकशाफ्ट मात्र फिरत राहतो, आणि या प्रकारच्या इंजिनात उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर पिस्टन आदळून वाकलेल्या व्हॉल्व्हचा ढीग होतो. काही इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांच्या वाटेत येत नाहीत आणि तिथे बेल्ट तुटला तरी गाडी फक्त बंद पडते; कुठलीही जुनी गाडी पाहायला जाण्याआधी तिच्या इंजिनात चेन आहे की बेल्ट, आणि बेल्ट असेल तर इंजिन यांपैकी कोणत्या जातीचे, एवढे तरी माहीत करून घ्यावे.

दुसऱ्या भेटीला मेकॅनिक बरोबर होता, आणि त्याच्या दोन तासांच्या मेहनतान्याइतका योग्य खर्च या सगळ्या व्यवहारात दुसरा झाला नाही. त्याने गार इंजिनावर रेडिएटरच्या झाकणाच्या जागी हातपंप बसवला, झाकणावर लिहिलेल्या दाबाइतका, म्हणजे साधारण १.१ बार दाब दिला, आणि आम्ही काट्याकडे पाहत थांबलो. पहिली पाच मिनिटे काटा हलला नाही. पंधराव्या मिनिटापर्यंत तो स्वतःच्या जाडीभर खाली आला होता. मग त्याने टॉर्च लावून वॉटर पंपाच्या खालच्या बाजूला आरसा धरला आणि मला वाकून पाहायला सांगितले: पंपाच्या अंगाला असलेल्या बारीक छिद्राखाली गुलाबी-पांढरा, मिठासारखा थर, वरून कोरडा आणि मध्यभागी ओलसर. ते छिद्र ठेवलेलेच यासाठी असते की आतले सील झिजले की कूलंट बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर पाझरावे आणि माणसाला कळावे. एवढ्यावर समाधान न मानता त्याने इंजिन गरम करून रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची काचनळी धरली. जळलेला वायू कूलंटमध्ये मिसळत असेल तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडने तो द्रव पिवळा पडतो. तो निळाच राहिला. म्हणजे गॅस्केट शाबूत, दोष पंपाचा; आणि या इंजिनात पंप फिरवतो तो टायमिंग बेल्टच, त्यामुळे दोन्ही कामांची मजुरी एकच. बेल्टचे वरचे कव्हर सोडवून पाहिले तर पट्टा दिसायला चांगला होता, एक भेग नव्हती. मेकॅनिकचे म्हणणे असे पडले की आजकालचे पट्टे तुटेपर्यंत चांगलेच दिसतात, त्यामुळे त्यांच्या तोंडाकडे पाहू नये, तारखेकडे पाहावे.

ओडोमीटरचा आकडा खरा की फिरवलेला, हा प्रश्न वहीमुळे येथे उरला नाही, पण तो एरवी गंभीर असतो. अमेरिकेतल्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या अंदाजानुसार एकट्या त्या देशात दरवर्षी साडेचार लाखांहून अधिक गाड्या खोट्या आकड्यासह विकल्या जातात, आणि डिजिटल मीटर आल्याने हे काम अवघड होण्याऐवजी सोपे झाले आहे. वही नसेल तर ब्रेकच्या पेडलचे रबर, चालकाच्या आसनाची दाराकडची कड आणि स्टिअरिंगचे चामडे पाहावे; साठ हजार किलोमीटर सांगणाऱ्या गाडीत या तिन्ही ठिकाणी तुळतुळीत झीज असेल तर आकड्यावर विश्वास ठेवायचे कारण नाही. बाहेरचा पत्रा मी रंगाची जाडी मोजणाऱ्या उपकरणाने तपासला. कारखान्याचा मूळ रंग बहुधा शंभर ते दीडशे मायक्रॉनच्या आसपास भरतो. सगळीकडे तसाच भरला, फक्त मागच्या डाव्या दारावर तो दुपटीहून जास्त निघाला. दार कधीतरी खरवडले म्हणून रंगवून घेतल्याची नोंद वहीत सातव्या वर्षी होतीच, आणि दाराच्या बिजागरीच्या बोल्टवरचा रंग फुटलेला नव्हता, म्हणजे दार उतरवावे लागेल असा अपघात नव्हता. डिकीतले सुटे चाक उचलून त्याखालचा पत्रा पाहिला, सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढून त्यावर चिखलाची रेघ आहे का ते पाहिले, आसनांच्या रुळांत गंज किंवा गाळ आहे का ते बोट फिरवून पाहिले. पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून चकचकीत करता येते, पण या तीन जागा सहसा कोणी धूत नाही.

स्कॅनर लावण्याविषयी थोडे. अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून ओबीडीचे, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष नोंदवण्याच्या व्यवस्थेचे, सामायिक सॉकेट बंधनकारक आहे, आणि डॅशबोर्डखालच्या त्या सॉकेटला जोडायचे साधे उपकरण आता कोणालाही परवडते. पण बहुतेक लोक त्यात साठवलेला एखादा दोष आहे का एवढेच पाहतात आणि काही नसले की खूश होतात. विक्रीच्या आदल्या दिवशी दोष पुसून टाकणे हे एका मिनिटाचे काम आहे. म्हणून पाहायचे ते दुसरेच: गाडी स्वतःच्या ज्या तपासण्या करत असते, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, इंधनाच्या वाफा, त्या पूर्ण झालेल्या दिसतात की ‘अपूर्ण’ दिसतात. दोष पुसला की या तपासण्याही शून्यावर जातात आणि त्या पुन्हा पूर्ण व्हायला गाडी बरीच चालावी लागते. रोज वापरात असलेल्या गाडीत अर्ध्याहून अधिक तपासण्या अपूर्ण दिसल्या, तर बॅटरी नुकतीच काढली होती का असे विचारावे आणि उत्तर देणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहावे. या गाडीत सगळ्या पूर्ण होत्या.

टायरची खोली चांगली होती, पाच मिलिमीटर, आणि झिजल्याची खूण १.६ मिलिमीटरवर उघडी पडते, म्हणजे बरेच आयुष्य शिल्लक. मात्र टायरच्या अंगावर डीओटी या अक्षरांपासून सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, त्यातले पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात, आणि ते वाचल्यावर चारही टायर आठ वर्षांचे निघाले. बेल्टचीच गोष्ट पुन्हा: झीज नाही, वय आहे. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबताना मला आठ वर्षांच्या कडक रबरावर अवलंबून राहायचे नव्हते. ब्रेक फ्लुइड शेवटचे चार वर्षांपूर्वी बदललेले होते. ते हवेतली आर्द्रता शोषते आणि त्यासरशी त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. डीओटी ४ प्रतीच्या नव्या द्रवाला किमान २३० अंश सेल्सिअस आवश्यक असतात, ओल्या अवस्थेत हीच मर्यादा १५५ पर्यंत खाली येते. लांबलचक उतारावर हा फरक पायाखाली जाणवू शकतो.

गाडी मी तासभर चालवली, रेडिओ आणि पंखा बंद ठेवून. गिअरबॉक्स गार असताना आणि पुरता गरम झाल्यावर, दोन्ही वेळा रिव्हर्समधून ड्राइव्हमध्ये टाकून पाहिला; पकड लगेच आली, धक्का नाही, मधला तो अस्वस्थ करणारा विलंब नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल ‘आयुष्यभराचे’ आहे असे अनेक पुस्तिकांत लिहिलेले असते, पण आयुष्यभर म्हणजे कोणाच्या, हे तिथे लिहिलेले नसते. वहीत ते ८०,००० किलोमीटरला बदललेले होते, आणि माझ्या मते या गाडीच्या बाजूने पडलेले सर्वांत वजनदार मत हेच होते. वेगात स्टिअरिंग थरथरले नाही. ब्रेक सरळ रेषेत लागले. खराब रस्त्यावर मात्र मागच्या उजव्या बाजूने ‘टक्’ असा कोरडा आवाज येत राहिला. मेकॅनिकने गाडी उचलून पाहिली तेव्हा सस्पेन्शनच्या एका हाताचे रबरी बुश चिरलेले होते.

सुरक्षिततेच्या बाबतीत जुन्या गाडीचा विचार भावनेने करू नये. सहा एअरबॅग आणि इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल (घसरू लागलेली गाडी आपोआप सावरणारी व्यवस्था) या गाडीत आहेत, आणि स्टॅबिलिटी कंट्रोल नसलेली गाडी मी कितीही स्वस्त मिळाली तरी घेतली नसती. नव्या गाड्यांना ते अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून आणि युरोपात २०१४ च्या अखेरीपासून सक्तीचे झाले, पण त्याआधीच्या अनेक मध्यम सेडानमध्येही ते होते. जे बदलता येत नाही ते सांगाड्याचे. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने, म्हणजे आयआयएचएसने, गाडीच्या पुढच्या भागाचा केवळ एक चतुर्थांश कोपरा ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवण्याची चाचणी २०१२ मध्ये सुरू केली, आणि त्याआधी आराखडा ठरलेल्या चांगल्या चांगल्या गाड्या तिथे उघड्या पडल्या. ही गाडी त्याच आधीच्या पिढीची आहे. ही उणीव मी जाणूनबुजून स्वीकारली आहे. रिकॉलचे मात्र स्वीकारण्यासारखे काही नसते, ते तपासलेच पाहिजेत. टकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगमधला अमोनियम नायट्रेट उष्णतेने आणि दमटपणाने वर्षानुवर्षे बिघडत जाऊन फुटताना धातूचे तुकडे उडवत असे. एकट्या अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटर, म्हणजे एअरबॅग फुगवणारे भाग, परत मागवले गेले, आणि त्यात गाडी जितकी जुनी तितका धोका अधिक. सतरा अक्षरी चासी क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की बाकी राहिलेले रिकॉल दिसतात, आणि ते काम कंपनी विनामूल्य करते.

आता हिशेब. मागितलेली किंमत शंभर धरली, तर बेल्ट, ताण देणारी पुली, वॉटर पंप आणि नवे कूलंट मिळून नऊ. चार टायर आठ. ब्रेक फ्लुइड, गिअरबॉक्सचे तेल, फिल्टर आणि स्पार्क प्लग चार. मागचे बुश दोन्ही बाजूंचे तीन. एकूण चोवीस. म्हणजे शंभरची गाडी प्रत्यक्षात एकशे चोवीसची. मी हा कागद मालकांसमोर ठेवला, मेकॅनिकच्या हस्ताक्षरातला, आणि टायर व बुश ही वापराची झीज म्हणून माझ्याकडे ठेवून बेल्ट-पंप आणि द्रवांचे तेरा कमी करावेत असे सुचवले. ते थोडा वेळ पुस्तिकेच्या त्याच पानाकडे पाहत राहिले आणि बारावर तयार झाले. घासाघीस करताना ‘गाडी जुनी आहे’ असे म्हणण्याने काही साधत नाही, ते विकणाऱ्याला तुमच्या आधीपासून माहीत असते. कोणता भाग, किती वर्षांचा, बदलायला किती, असे बोलले की माणूस ऐकतो. गळती गॅस्केटची निघाली असती तर मी एक रुपयाही कमी करायला न सांगता निघून आलो असतो, कारण गरम होऊन गेलेल्या इंजिनात पुढे काय निघेल याचा अंदाज कोणत्याही सवलतीत बसत नाही.

सात महिन्यांत गाडी ९,००० किलोमीटर चालली. बेल्ट आणि पंप पहिल्याच आठवड्यात बदलले, आणि उतरवलेल्या पंपाची बेअरिंग हाताने फिरवली तेव्हा ती खरखरत होती. तिने आणखी किती दिवस साथ दिली असती कोण जाणे. त्यानंतर कूलंटची पातळी खुणेवरून हललेली नाही. दोन्ही वेळा टाकी काठोकाठ भरून मोजले तर लांबच्या रस्त्यावर लिटरला साडेतेरा आणि शहरात साडेनऊ किलोमीटर पडतात. शहरातला आकडा कोणालाही सुखावणारा नाही. गाडी पावणेपाच मीटरहून लांब आहे आणि मागे कॅमेरा नाही, त्यामुळे अरुंद जागेत लावताना प्रत्येक वेळी एकदा उतरून पाहावे लागते. हेडलाइटचे प्लॅस्टिक पिवळे पडले होते, ते घासून घेतले, तरी हॅलोजनचा उजेड आजच्या मानाने मंदच. फोन पडद्याला जोडण्याची सोय नाही, कारण पडदाच नाही. उलट, चारशे किलोमीटर सलग चालवून उतरल्यावर पाठ दुखत नाही, मागे बसलेली माणसे झोपतात, आणि वेग वाढवताना इंजिनाला ओरडावे लागत नाही.

एका प्रकारच्या ग्राहकाला मी ही गाडी घेऊ नका असेच सांगेन, तो म्हणजे जो शंभरच्या गाडीसाठी खिशात बरोबर शंभर घेऊन जातो. पहिल्या वर्षाचे वीस-पंचवीस वेगळे ठेवता येत नसतील, तर कमी किमतीची, साधी, लहान गाडी घ्यावी. आणि नोंद नसलेली, पण दिसायला याहून देखणी अशी दुसरी एक सेडान मी त्याच आठवड्यात पाहिली होती, किंमतही कमी होती. तिचे इंजिन मी पोहोचलो तेव्हा गरम होते, म्हणून मी चहासुद्धा न घेता परतलो.

टायर पुढच्या महिन्यात येणार आहेत. मागचा ‘टक्’ आवाज अजून तसाच आहे, कारण बुश बदलल्यावर चाकांचे अलाइनमेंट करावे लागते आणि ते टायरबरोबर एकदाच करायचे ठरवले आहे.